केस चालू आहे, परदेशी जाता येईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फौजदारी वकिली करते, तीही तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात. दर वर्षी जून-जुलैत परदेशातल्या विद्यापीठांचे प्रवेश हातात आले की ऑफिसात तीच जोडी येऊन बसते. मुलगा आणि त्याचे वडील, वडिलांच्या पिशवीत पासपोर्ट ऑफिसचं पत्र. बांधावरून चुलत्यांशी मारामारी झालेली असते, फिर्यादीत घरातल्या सगळ्यांची नावं घातलेली असतात, मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो. केस अजून साक्षीपुराव्यावर आलेली नसते आणि सप्टेंबरात तिकडे वर्ग सुरू होणार असतात.

खालचे प्रश्न अशाच माणसांनी विचारलेले आहेत. यातल्या बहुतेकांचं काम होतं, हे आधीच सांगते, कारण समोर बसलेल्या बापाचा चेहरा पाहवत नाही.

माझ्यावर एफआयआर दाखल आहे. पासपोर्ट मिळेल का?

पासपोर्ट कायदा १९६७ चा. त्याच्या कलम ६ (२) मध्ये पासपोर्ट नाकारण्याची कारणं दिली आहेत. त्यातलं एक असं, की अर्जदारावर भारतातल्या फौजदारी कोर्टात गुन्ह्याची कार्यवाही प्रलंबित असणे. इथे ‘कोर्टात’ हा शब्द महत्त्वाचा. नुसता गुन्हा नोंदवला आहे आणि पोलीस तपास करत आहेत, एवढ्यावर हे कलम लागत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या कार्यालयीन ज्ञापनात हे स्पष्ट केलं आहे. केस कोर्टात दाखल झाली आणि कोर्टाने तिची दखल घेतली, तरच ती प्रलंबित धरायची.

तेव्हा आधी स्वतःची केस कुठे आहे ते बघा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. केसचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर मिळाला की पुढचं सगळं दिसतं. काही सापडलं नाही तर पोलीस ठाण्यात जाऊन दोषारोपपत्र गेलं का, समरी गेली का, हे विचारा. समरी म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, आपल्याकडे ती तीन प्रकारची असते. गुन्हा घडला पण छडा लागला नाही किंवा पुरावा मिळाला नाही, तर ‘अ’. फिर्याद खोटी निघाली तर ‘ब’. गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी वादाची फिर्याद असेल तर ‘क’. पोलिसांनी समरी पाठवली म्हणजे काम संपलं, असं समजू नका. मॅजिस्ट्रेटनी ती मंजूर केल्याच्या आदेशाची नक्कल काढून ठेवा.

तपासावरच्या केसमध्येही पोलीस पडताळणीचा अहवाल बहुधा प्रतिकूल जातो आणि पासपोर्ट ऑफिसचं खुलासा मागणारं पत्र येतं. घाबरून गप्प बसू नका. एफआयआरची प्रत, तपासाची सद्यस्थिती आणि २०१९ च्या ज्ञापनाचा उल्लेख करून मुदतीत लेखी उत्तर द्या. उत्तरच न आल्यामुळे बंद पडलेल्या फाइली मी फार पाहिल्या आहेत.

एनसी, चॅप्टर केस, ई-चलान यांचं काय?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तेवढ्याने कोर्टात काही उभं राहत नाही. चॅप्टर केस, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खालची आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खालची कारवाई, प्रतिबंधक असते. शांतता राखण्याचं बंधपत्र घेतात आणि मुदत संपली की विषय संपतो. तो गुन्ह्याचा खटला नव्हे. ई-चलानचं तर नावच काढू नका, फक्त भरून टाका.

चेक बाउन्सची केस? पोटगीची?

चेकची केस कलम १३८ खाली फौजदारी कोर्टात चालते, म्हणून पासपोर्टपुरती ती प्रलंबित फौजदारी केसच. व्यापारी मंडळी ‘ती तर पैशांची केस’ म्हणून फॉर्मवर ‘नाही’ लिहितात आणि अडकतात.

पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा मूळ अर्ज म्हणजे गुन्ह्याचा आरोप नव्हे. पण पोटगी थकली आणि वॉरंट निघालं, तर प्रकरण वेगळं. वॉरंट किंवा समन्स निघालेलं असणं हे पासपोर्ट नाकारण्याचं स्वतंत्र कारण आहे. आधी थकबाकी भरा, वॉरंट रद्द करून घ्या.

दोषारोपपत्र कोर्टात आहे, तारखा पडत आहेत. मग पासपोर्ट मिळतच नाही का?

मिळतो. त्यासाठी २५ ऑगस्ट १९९३ ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे, जीएसआर ५७० (ई). जिथे केस चालू आहे त्या कोर्टाने देशाबाहेर जाण्याची परवानगी दिली असेल, तर पासपोर्ट नाकारण्याच्या त्या कारणातून तुम्हाला सूट मिळते. सोबत, कोर्टाने बोलावल्यावर हजर राहीन, असं हमीपत्र द्यावं लागतं. दोन कोर्टांत दोन केसेस असतील तर दोन्ही कोर्टांचे आदेश लागतात.

अधिसूचनेतला मुदतीचा नियम मात्र नीट समजून घ्या. कोर्टाने आदेशात पासपोर्टची मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. मुदत आणि प्रवासाचा काळ यांपैकी काहीच लिहिलं नसेल, तर एका वर्षाचा. प्रवासाला परवानगी वर्षापेक्षा कमी काळाची असेल आणि पासपोर्टच्या मुदतीबद्दल आदेश गप्प असेल, तरीही एका वर्षाचा.

एक वर्ष म्हणजे पुष्कळ, असं वाटतं. माझ्या एका पक्षकार मावशी आहेत, साताऱ्याकडच्या. सुनेच्या ४९८-अ च्या, म्हणजे सासरच्या छळाच्या, फिर्यादीत त्या आरोपी क्रमांक तीन. लेक सिंगापूरला, तिला सातवा महिना. आधी कुणीतरी काढून दिलेला आदेश त्यांनी मला दाखवला, तो दीड ओळीचा होता: अर्ज मंजूर, आरोपी क्रमांक ३ हिला परदेशी जाण्यास परवानगी. पासपोर्ट आला एका वर्षाचा. मध्ये यजमानांचं ऑपरेशन निघालं आणि जाणं लांबलं. मग ट्रॅव्हल एजंटने पासपोर्ट हातात घेतला, मुदतीची तारीख पाहिली आणि मिटून परत दिला. सिंगापूरला प्रवेश करताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. मावशींची पाच महिने उरली होती. आम्ही पुन्हा अर्ज केला, पुन्हा सरकारी वकिलांचं म्हणणं, पुन्हा तारीख. मावशी सिंगापूरला पोचल्या तेव्हा नातू पालथा पडायला लागला होता. बाळंतपणासाठी जायचं होतं त्यांना.

दुबई, थायलंड आणि इतर अनेक देशांचा हाच सहा महिन्यांचा नियम आहे. म्हणजे एक वर्षाचा पासपोर्ट प्रत्यक्षात अर्ध्या वर्षाचाच.

मग अर्जात नेमकं काय मागायचं?

दोन गोष्टी, वेगवेगळ्या आणि स्पष्ट शब्दांत. पहिली, पासपोर्ट देण्यास किंवा नूतनीकरणास ना-हरकत, आणि ‘पासपोर्ट नियमांनुसार दहा वर्षांच्या मुदतीसाठी’ हे शब्द आदेशात यावेत अशी विनंती. दुसरी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक देशात प्रवासाची परवानगी. अनेक न्यायाधीश पहिली मागणी मोकळेपणाने मान्य करतात आणि दुसरीसाठी ‘प्रत्येक वेळी वेगळा अर्ज करा’ म्हणतात. तसं असलं तरी चालतं. पासपोर्ट हातात असला की पुढची लढाई सोपी.

आदेश झाला त्याच दिवशी वाचा. दहा वर्षांचा उल्लेख राहिला असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. पासपोर्ट ऑफिसच्या काउंटरवर ते लक्षात येऊन उपयोग नसतो.

अपील प्रलंबित आहे म्हणून नूतनीकरण अडवलं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा वांगला कस्तुरी रंगाचार्युलू प्रकरणातला २०२१ चा आदेश वकिलांना दाखवा. त्यात फक्त अपील चालू आहे या कारणाने नूतनीकरण नाकारता येणार नाही, असं म्हटलं आहे.

कोर्ट परवानगी देतं का? किती दिवस लागतात?

परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगून टाकलं. कोर्टाला एवढंच बघायचं असतं की माणूस परत येईल ना आणि त्याच्या जाण्याने खटला खोळंबणार नाही ना.

त्यामुळे अर्जासोबत ते दाखवणारे कागद जोडा. प्रवेशपत्र किंवा नोकरीचं पत्र, तिकडचा पत्ता आणि फोन, जाण्या-येण्याच्या तारखा, इथली शेती-घर-नोकरी, मागे राहणारं कुटुंब. ‘माझ्या गैरहजेरीत वकील हजर राहतील, साक्षीदारांनी मला ओळखण्याबद्दल माझा वाद नाही’ असं प्रतिज्ञापत्र दिलं की खटला अडण्याची भीती उरत नाही. आणि रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद, स्वच्छ ठेवा. न्यायाधीश अर्ज वाचण्याआधी रोजनामा चाळतात. गेल्या दहा तारखांपैकी सहा तारखांना ‘आरोपी गैरहजर’ असेल, तर हमीपत्राला किती किंमत द्यायची हे ते तिथेच ठरवतात.

अटी बहुधा अशा असतात: काही रक्कम अनामत, प्रवासाचा तपशील पोलीस ठाण्यात, परत आल्यावर कोर्टात कळवणं. सरकारी पक्षाचं म्हणणं यायला दोन तारखा तरी जातात. तिकीट काढून मग वकिलाकडे येऊ नका. प्रवेश मिळण्याची चिन्हं दिसली की या.

अटकेच्या वेळी पोलिसांनी पासपोर्ट घेतला. तो त्यांना ठेवता येतो का?

पुरावा म्हणून जप्त करता येतो, पण कायमचा अडकवून ठेवता येत नाही. सुरेश नंदा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा फरक केला. पासपोर्ट अटकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट कायद्याच्या कलम १० (३) खाली पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे. जामिनाच्या अटीवर पासपोर्ट कोर्टात जमा केला असेल, तर तो परत मिळवण्यासाठी त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो.

विमानतळावर अडवतील का?

प्रत्येक आरोपीला अडवत नाहीत. अडवतात ते लुकआउट सर्क्युलर निघालेलं असेल तर. पोलीस किंवा तपास यंत्रणेच्या विनंतीवरून इमिग्रेशन ब्युरो ते काढतो आणि ज्यांनी मागितलं त्यांनी किंवा कोर्टाने सांगेपर्यंत ते रद्द होत नाही. केस संपली तरी सर्क्युलर तसंच राहिलं आणि माणूस मध्यरात्री इमिग्रेशनच्या खोलीत बसून राहिला, असंही होतं. ४९८-अ आणि आर्थिक गुन्ह्यांत याची शंका असेल तर तपास अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करा. केस संपलेली असेल तर निकालाची नक्कल जोडून ते रद्द करण्याची मागणी करा. दाद लागली नाही तर उच्च न्यायालय आहे. कर्जदारांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सरकारी बँकांचा स्वतःहून असं सर्क्युलर मागण्याचा अधिकार रद्द ठरवला.

परवानगीच्या आदेशाची प्रमाणित प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या बॅगेत टाकू नका.

नेपाळला पासपोर्ट लागत नाही. मग परवानगी कशाला?

नेपाळ आणि भूतानला भारतीयांना मतदार ओळखपत्रावर जाता येतं, हे खरं. पण जामिनाची अट ‘कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय भारत सोडणार नाही’ अशी असते, त्यात पासपोर्टचा संबंध नाही. पशुपतिनाथाच्या यात्रेचे फोटो फिर्यादीने कोर्टात दाखल केले आणि जामीन रद्द करण्याचा अर्ज आला, तर उत्तर देणं जड जातं. जामिनाचा आदेश काढून अटी एकदा वाचा. बहुतेकांनी तो कधीच वाचलेला नसतो.

फॉर्मवर ‘केस नाही’ असं लिहिलं तर? कोण बघतंय?

कृपा करून हे करू नका. एजंट सांगतात, ‘नाही लिहा, पुढचं मी बघतो’. सही तुमची असते. खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय दडवून मिळवलेला पासपोर्ट नंतर जप्त किंवा रद्द करता येतो. बांधावरच्या भांडणातून निर्दोष सुटणारा मुलगा या एका टिकमार्कमुळे खरोखरीचा आरोपी होतो. माझ्याकडे असे दोन खटले आहेत, दोन्ही मुलं हुशार.

पूर्वी शिक्षा झाली होती. आता पासपोर्ट मिळेल?

कायद्यातली आडकाठी मर्यादित आहे. नैतिक अधःपतनाचा (चोरी, फसवणूक अशा स्वरूपाचा) गुन्हा, किमान दोन वर्षांची कैद आणि दोषी ठरणं अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतलं, या तिन्ही गोष्टी असतील तरच. पाच वर्षं उलटली असतील किंवा शिक्षा कमी असेल, तर हे कारण लागू होत नाही.

लोक विसरतात ती गोष्ट वेगळीच. दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले, कोर्टात ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरला आणि दुपारी घरी आले. जुगाराच्या धाडीतही तसंच. त्यांच्या मते ‘मिटलं’. कायद्याच्या भाषेत ते दोषी ठरले. व्हिसाच्या फॉर्मवर ‘कधी दोषी ठरला आहात का?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर ‘हो’ असं आहे.

निर्दोष सुटलो. व्हिसाच्या फॉर्मवर लिहायचं का?

प्रश्न शब्दशः वाचा. अमेरिकेचा डीएस-१६० फॉर्म विचारतो, की तुम्हाला कधी अटक झाली आहे का किंवा दोषी ठरवलं आहे का. अटक झाली असेल, तर निर्दोष सुटूनही उत्तर ‘हो’. खाली खुलासा लिहा आणि मुलाखतीला निकालाची प्रमाणित नक्कल न्या. जो देश फक्त दोषसिद्धीबद्दल विचारतो, तिथे निर्दोष माणसाने ‘नाही’ लिहिलं तर ते खरंच आहे.

आपल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतले अनेक निकाल मराठीत असतात. ते वाचून वाईट वाटण्याचं कारण नाही, मला तर अभिमान वाटतो, पण व्हिसा अधिकाऱ्याला इंग्रजी भाषांतर लागतं. ते अधिकृत अनुवादकाकडून करून घ्या. ‘निर्दोष मुक्तता’ आणि ‘संशयाचा फायदा’ यांची भाषांतरं ढिसाळ झाली की विनाकारण प्रश्न वाढतात.

कोणता देश काय बघतो?

अमेरिका नैतिक अधःपतनाचे गुन्हे आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघते. नैतिक अधःपतनाचा एकच किरकोळ गुन्हा, ज्याची कायद्यातली कमाल शिक्षा एक वर्षाच्या वर नाही आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या वर नाही, असा असेल तर सूट आहे. बाकीच्यांसाठी तात्पुरत्या व्हिसापुरती माफी मागता येते. पण महत्त्वाची गोष्ट दडवून व्हिसा मागितला, तर कायमची बंदी येऊ शकते.

कॅनडा दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत फार कडक आहे. डिसेंबर २०१८ पासून तिथे तो गंभीर गुन्ह्यांत मोडतो. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली की पुनर्वसनाचा अर्ज करता येतो. त्याआधी जाणं भागच असेल तर तात्पुरता परवाना मागावा लागतो.

ब्रिटन बारा महिने किंवा जास्त कैद झालेल्याला नाकारतं. त्याहून कमी शिक्षा किंवा नुसता दंड असेल, तर पर्यटकासाठी बारा महिने उलटणं ही रेघ आहे. फॉर्मवर फसवणूक केली तर दहा वर्षं दार बंद. ऑस्ट्रेलियाच्या कलम ५०१ ची चारित्र्य चाचणीही बारा महिन्यांच्या शिक्षेवर अडते. जपान एक वर्ष किंवा जास्त शिक्षा झालेल्याला उतरू देत नाही आणि अमली पदार्थांच्या बाबतीत शिक्षा कितीही छोटी असो, नाहीच.

पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि पीसीसी एकच का?

नाही. महाराष्ट्र पोलिसांकडून ऑनलाइन मिळतो तो चारित्र्य पडताळणी दाखला इथल्या नोकरीसाठी. परदेशातली नोकरी किंवा स्थायिक होणं यासाठी लागतं ते पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट ऑफिस देतं, शुल्क ५०० रुपये. पहिला दाखला घेऊन व्हिसा केंद्रात गेलेले लोक हात हलवत परत येतात.

आंदोलनातला गुन्हा होता, सरकारने मागे घेतला म्हणतात.

आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय होतात. कोविडच्या टाळेबंदीतल्या कलम १८८ च्या गुन्ह्यांबाबतही राज्य सरकारने २०२२ मध्ये तसा निर्णय घेतला. पण दोषारोपपत्र कोर्टात गेलेलं असेल, तर सरकारी वकिलांनी अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने मंजूर करावा लागतो. तोवर ई-कोर्ट्सवर तुमची केस प्रलंबितच दिसणार. वर्तमानपत्राचं कात्रण पासपोर्ट ऑफिसात चालत नाही. तुमच्या केस नंबरवरचा आदेश आणा.

घटनेच्या वेळी मुलगा अठराच्या आत होता.

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार त्याला कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि नोंद नष्ट करायची असते. अपवाद सोळा वर्षांवरच्या, निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा. जन्मदाखला आणि बाल न्याय मंडळाचा आदेश घेऊन या, बाकीचं वकील बघतील.

मी परदेशात आहे आणि इथे माझ्यावर केस झाली.

तिथल्या भारतीय दूतावासालाही हेच नियम लागू आहेत, म्हणून नूतनीकरणाची वेळ येण्याआधीच हालचाल करा. वकिलाला वकालतनामा पाठवा, कोर्टाकडे हजेरीतून सूट मागा, दृकश्राव्य माध्यमातून हजर राहण्याची परवानगी मागा. केस मुळातच टिकणारी नसेल, तर ती रद्द करण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जाता येतं, पूर्वीचं कलम ४८२. समन्स गावच्या पत्त्यावर जातं आणि म्हातारे आई-वडील ‘उगाच मुलाला ताप नको’ म्हणून ते ट्रंकेत ठेवून देतात. आज रात्री फोन कराल तेव्हा, कोर्टाचं काही आलं आहे का, हे त्यांना विचारा, आणि आलं असेल तर त्याचा फोटो मागवून घ्या.